ऑटोरन्स: फुली मारल्यावरही आत कोण बसलंय ते दाखवणारं फुकट अवजार

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर दोन दिवे आहेत. निळा म्हणजे मशीन चालू. लाल म्हणजे हार्डडिस्क काहीतरी वाचतेय किंवा लिहितेय. टेबलाखाली कागदाची रिमं असतात, म्हणून डबा वर, माझ्या उजव्या हाताशी ठेवलाय. त्यामुळे तो लाल दिवा दिवसभर डोळ्यासमोर असतो.

लग्नसराईत एका रात्री साडेनऊला पत्रिकेची शेवटची फाइल सेव्ह केली, डिझाइनचं सॉफ्टवेअर फुली मारून बंद केलं, ब्राउझर बंद केला. खालची पट्टी मोकळी झाली. झेरॉक्स मशीनवर कापड टाकलं, गल्ला मोजला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. लाल दिवा लुकलुकतोच आहे. लुकलुकतोय कसला, सलग पेटलाय.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी 68 टक्के, डिस्क 100 टक्के. माझं मशीन म्हणजे आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज 10 आणि जुनी फिरती हार्डडिस्क. एकही काम चालू नसताना पावणेतीन जीबीच्या आसपास भरलेली. यादी खाली सरकवली तर मघाशी बंद केलेल्या त्या सॉफ्टवेअरची सहा पिल्लं आत हुंदडतायत. एक अपडेट शोधणारं, एक लायसन्स तपासणारं, एक क्लाउडवर फाइली चढवणारं, एक कोपऱ्यात जाहिरातवजा सूचना दाखवणारं, एक मुख्य सॉफ्टवेअर कोसळलं की कंपनीला कळवणारं. सहावं कशासाठी होतं ते त्याच्या नावावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. दर महिन्याला भाडं भरून वापरायच्या सॉफ्टवेअरपैकी एक आहे एवढं सांगते. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सोवळ्यात, आणि सोवळ्यात कुणीच नाही हे मी पुढे बघितलंच.

तर एका पिल्लावर राइट क्लिक केलं, एंड टास्क. गेलं. दुसऱ्यावर केलं, तेही गेलं. तेवढ्यात पहिलं परत हजर. मी पुन्हा मारलं, मिनिटभरात पुन्हा आलं. रात्रीचे दहा वाजलेले, शटर अर्धं ओढलेलं, आणि मी डास मारत बसावं तशी प्रोसेस मारत बसले होते.

पुण्यात आयटीत असलेल्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, तू दारातून हाकललंस तर ते खिडकीतून येणार. आधी दारं-खिडक्या किती आहेत ते बघ. ऑटोरन्स उतरवून घे."

त्या ऑटोरन्सबद्दल हे लिहितेय. वर्षाहून जास्त काळ वापरतेय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

मशीन चालू झालं की काय काय आपोआप सुरू होतं त्याची यादी ते दाखवतं. ऑटोरन्स मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या अवजारपेटीतलं. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतं. लहानशी झिप असते, उघडली की आत तयार प्रोग्रॅम. इन्स्टॉल करायचं नाही, नोंदणी नाही, ईमेल मागत नाही. बंद केलं की खरोखर बंद होतं, मागे काही चालू ठेवून जात नाही. ज्या रोगावर औषध म्हणून आणलं तोच रोग त्याला नाही, याचं मला फार समाधान वाटलं.

ही पेटी मुळात मायक्रोसॉफ्टची नव्हे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी 1996 मध्ये हे काम सुरू केलं. 2006 च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनी विकत घेतली. रुसिनोविच यांचं नाव मला भाचीनं सांगितलेल्या एका किश्श्यामुळे लक्षात राहिलं. 31 ऑक्टोबर 2005 ला त्यांनी जाहीर केलं की सोनी बीएमजीच्या गाण्याच्या एका सीडीनं त्यांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप सॉफ्टवेअर बसवलंय, तेही विंडोजपासून स्वतःला लपवणारं. सीडीबरोबर आलेला प्लेअर त्यांनी बंद केला. वाटलं, आता सीपीयू शांत होईल. पण मागची सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम, एक-दोन टक्के खातच राहिली, कारण दर दोन सेकंदांनी ती मशीनवर चालू असलेला एकेक प्रोग्रॅम तपासत होती. आणि या सर्व्हिसनं स्वतःला नाव घेतलं होतं 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर'. वाचणाऱ्याला वाटावं, विंडोजचाच कुणीतरी सज्जन कारकून आहे. पुढे बोभाटा झाला आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला त्या सीड्या परत घ्याव्या लागल्या. म्हणजे माझ्या लाल दिव्याचं दुखणं वीस वर्षांपूर्वीचं आहे, आणि अवजार बनवणाऱ्यानं ते स्वतः भोगलंय.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नंच उघडायचा, नाहीतर सर्व्हिसपुढच्या टिका (टिक काढली की ती गोष्ट आपोआप सुरू होत नाही) काढू देत नाही. उघडला की पहिल्यांदा छातीत धस्स होतं. शेकडो ओळी, बारीक अक्षरं, वर अठरा-वीस टॅब. लॉगॉन, एक्सप्लोरर, शेड्युल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, प्रिंट मॉनिटर्स आणि आणखी कितीतरी, ज्यांच्या वाटेला आपण जायचं नाही. पहिली गोष्ट करायची ती म्हणजे ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज'वर टिक. झटक्यात गर्दी ओसरते आणि बाहेरून येऊन बसलेली मंडळीच उरतात. माझ्याकडे तेव्हा 53 उरली.

रंगांचा अर्थ सोपा आहे. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइलच जागेवर नाही. माझ्याकडे अशा सात निघाल्या. त्यातल्या तीन 2019 मध्ये भंगारात घातलेल्या प्रिंटरच्या. प्रिंटर गेला, त्याचा माणूस अजून रोज सकाळी हजेरी लावायला येत होता. गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्याची खात्रीची सही नाही. गुलाबी दिसली म्हणजे व्हायरसच असं नव्हे. आपल्याकडची बरीचशी जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं गुलाबीतच येतात आणि ती बिचारी निरुपद्रवी असतात.

माझ्या सहा पिल्लांचा पत्ता इथे लागला. दोन लॉगॉन टॅबमध्ये होती, तीन सर्व्हिसेसमध्ये, आणि एक शेड्युल्ड टास्क्समध्ये, मी लॉगिन केलं की जागं होणारं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये यांच्यातली पहिली दोनच दिसतात. तिथून बंद करून मी वर्षानुवर्षं समाधान मानत होते. पुढचं दार बंद आणि परसदार सताड उघडं.

मेलेली प्रोसेस परत का येत होती तेही कळलं. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' म्हणून एक पान आहे. तिथे कुठल्याही सर्व्हिसवर डबल क्लिक केलं की 'रिकव्हरी' नावाचा टॅब दिसतो. पहिल्यांदा बंद पडली तर काय, दुसऱ्यांदा पडली तर काय, त्यानंतर काय, असे तीन रकाने. माझ्या त्या पिल्लाच्या तिन्ही रकान्यांत 'रिस्टार्ट द सर्व्हिस' लिहून ठेवलेलं, आणि खाली वेळ, एक मिनिट. मी मारत होते, विंडोज मिनिटाच्या काट्यावर उठवत होतं. भांडण चुकीच्या माणसाशी चाललं होतं.

फुली मारून सर्व्हिस का थांबत नाही हे मला याच पेटीतल्या प्रोसेस एक्सप्लोररनं दाखवलं. त्यात सगळं झाडासारखं दिसतं, कुणाच्या पोटी कोण. मला वाटायचं, सॉफ्टवेअर उघडलं की त्याच्या पोटातून ही मंडळी बाहेर पडत असतील आणि आई गेली की पोरं रेंगाळत असतील. तसं नाहीच. सर्व्हिसेस असतात 'सर्व्हिसेस डॉट ईएक्सई' या विंडोजच्या मुकादमाच्या हाताखाली. मशीन चालू झालं की तो त्यांना कामाला लावतो, कुणी लॉगिन केलेलं असो वा नसो. आपण बंद करतो ती फक्त पुढची खोली. मागच्यांचा आणि तिचा मालक-नोकराचा संबंधच नाही, म्हणून फुलीचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता इथवर वाचून कुणी सगळ्या टिका सपासप काढायला बसेल. मी बसले होते. त्याचीच गोष्ट सांगते.

त्या रात्री मी चेव आल्यासारखी एकवीस टिका काढल्या, एकदा रिस्टार्ट केलं, मग बंद करून घरी गेले. सकाळी मशीन खरंच भराभरा चालू झालं. अकरा वाजता नवरदेवाचे काका पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर पाटी, 'डोंगल नॉट फाउंड'. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली, तर मागे लावलेलं, त्याचा हिरवा दिवाही चालू. काढून दुसऱ्या पोर्टला लावलं. पदरानं पुसून लावलं. मशीन रिस्टार्ट केलं. डीलरला फोन केला तर तो थंडपणे म्हणाला, "ताई, डोंगल गेलं असणार, नवीन घ्यावं लागेल." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी खाली बसले. काका स्टुलावर, दुसरा चहा संपत आलेला, म्हणतायत, "गुरुजींनी मुहूर्त काढून दिलाय, तुमच्या मशीननं बदलला तर सांगा."

मग डोक्यात उजेड पडला. सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये डोंगल ओळखणाऱ्या लायसन्स मॅनेजरची टिक मीच काढली होती. नाव बघून वाटलेलं, हेही तसलंच हेरगिरी करणारं. टिक परत मारली, रिस्टार्ट केलं, डोंगल सापडलं. ऑटोरन्सचा मोठेपणा हा की टिक काढली तरी नोंद पुसली जात नाही. ते ती बाजूला ठेवतं आणि टिक मारली की पुन्हा जागेवर आणतं. डिलीट केलं असतं तर मी त्या दिवशी नवीन डोंगल विकत घेतलं असतं. म्हणून सांगते, डिलीटचं बटण या प्रोग्रॅममध्ये नाहीच असं धरून चाला.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. ऑटोरन्स सगळं दाखवतं, पण कुठलं हवं आणि कुठलं नको याबद्दल चकार शब्द काढत नाही. डोंगलची सर्व्हिस आणि जाहिरात दाखवणारी सर्व्हिस, दोघी एकाच पंगतीला, एकाच रंगात. व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटवर तपासायची सोय आहे, पण व्हायरस आहे की नाही हा प्रश्न वेगळा आणि माझ्या कामाचं आहे की नाही हा वेगळा. हे अवजार इंजिनिअर लोकांनी इंजिनिअर लोकांसाठी केलंय. अक्षर बारीक, सगळं इंग्रजीत, 2021 पासून काळ्या रंगाची थीम आली एवढाच काय तो साजशृंगार. माझ्यासारखीनं वापरायचं तर शेजारी वही हवी. मी तेव्हापासून दोनशे पानी वहीत लिहिते: तारीख, कुठली टिक काढली, दुसऱ्या दिवशी काय बिघडलं. एका दिवशी एकच टिक. दुकानात काम असेल त्या दिवशी एकही नाही.

सगळ्या मागच्या सर्व्हिसेस वाईट असंही मला म्हणायचं नाही. रोज जिचे पाय धरावे अशी एक आहे, प्रिंट स्पूलर. पन्नास पानांचं काम छापायला दिलं की ती ते आपल्याकडे घेते आणि प्रिंटरला घास घास भरवते. मी फाइल बंद करून पुढच्या गिऱ्हाइकाचा सातबारा काढायला मोकळी. स्पूलर नसता तर शेवटचं पान बाहेर पडेपर्यंत मला तिथेच हाताची घडी घालून थांबावं लागलं असतं. अपडेट करणाऱ्या सर्व्हिसचंही एक म्हणणं आहे. तिच्याकडे मशीनचे पूर्ण अधिकार असतात, म्हणून ती दर वेळी 'परवानगी देता का' न विचारता दुरुस्ती बसवू शकते. ब्राउझरच्या बाबतीत मी तो अधिकार आनंदानं देते, त्याच्या अपडेटची टिक मी काढलेली नाही आणि तुम्हीही काढू नका. पण एक डिझाइनचं सॉफ्टवेअर, जे मी दिवसाला दोन तास उघडते, त्याला चोवीस तासांचा पहारा कशाला हवा?

खरा भुर्दंड मेमरीचा नाहीच, डेटाचा आहे. आमच्याकडे फायबर महिन्यातून तीन-चारदा तुटतो, मग मोबाइलचा हॉटस्पॉट. दिवसाला दीड जीबी. जूनमध्ये प्रवेशाच्या फॉर्मची रांग लागलेली असताना सकाळी साडेअकराला डेटा संपल्याचा मेसेज आला. सेटिंगमध्ये डेटा यूसेज उघडलं की कुणी किती खाल्लं ते दिसतं. क्लाउडवाल्या पिल्लानं माझ्या सगळ्या जुन्या डिझाइन फाइली वर चढवायला घेतल्या होत्या, सॉफ्टवेअर बंद असताना. आठ पोरं रांगेत उभी आणि मी शेजारच्या मेडिकलवाल्याकडे पासवर्ड मागायला गेलेली. त्या दिवशी त्या पिल्लाची टिक काढली आणि वहीत लाल पेननं लिहून ठेवलं.

आणखी एक गोष्ट, जी कळायला मला दोन महिने लागले. टिक काढल्यावर चालू असलेली प्रोसेस लगेच थांबत नाही, मशीन पुन्हा सुरू व्हायला लागतं. मी रात्री शट डाउन करत होते, सकाळी चालू करत होते, आणि काही पिल्लं तरीही तिथेच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयूखाली 'अप टाइम' लिहिलेला असतो. बघितला तर अकरा दिवस! मी रोज बंद करत होते आणि मशीन म्हणतंय, मी अकरा दिवस जागं आहे. कारण विंडोज 8 पासून आलेलं 'फास्ट स्टार्टअप'. शट डाउन केलं की ते आपला कार्यक्रम आवरतं, पण आतला गाभा आणि त्यातल्या सर्व्हिसेस डिस्कवर जशाच्या तशा झोपवून ठेवतं, आणि सकाळी तिथूनच उठवतं. रिस्टार्ट केलं तरच सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. तेव्हा टिक काढली की शट डाउन नको, रिस्टार्ट.

ब्राउझरची भानगड ऑटोरन्सच्या हद्दीबाहेर आहे हेही सांगून टाकते. क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहायची परवानगी क्रोमच्याच सेटिंगमध्ये, सिस्टिमच्या पानावर असते. एजमध्येही तसंच, शिवाय 'स्टार्टअप बूस्ट' नावाचं आणखी एक बटण. दोन्हीकडे तिथेच जाऊन बंद करायचं.

फरक किती पडला? आता सगळं बंद असताना मेमरी 47 ते 50 टक्क्यांत असते. मशीन चालू करून पहिली फाइल उघडेपर्यंत पाच मिनिटं लागायची, ती तीनवर आली. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दिवाळीत हार्डडिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली, तेव्हा तीनाचं पाऊण मिनिट झालं. निव्वळ वेग हवा असेल तर आधी एसएसडीला पैसे घाला. ऑटोरन्सनं मला दिलं ते दुसरंच काहीतरी. माझ्या मशीनवर कोण राहतंय त्याची यादी आता माझ्याकडे आहे.

यादी टिकवायला 'कंपेअर'ची सोय उत्तम आहे. एकदा सगळं नीट बसलं की फाइल सेव्ह करून ठेवायची. पुढच्या महिन्यात पुन्हा उघडून जुन्या फाइलशी ताडायचं, नवीन आलेली ओळ हिरवी दिसते. मी दर एक तारखेला, वीजबिल भरायच्या दिवशी हे करते. डिझाइनवाल्या सॉफ्टवेअरचं मोठं अपडेट झालं की त्याची दोन पिल्लं हिरवी होऊन परत आलेली असतात. एक अपडेटवालं, एक सूचना दाखवणारं. मी टिक काढते, ती पुढच्या अपडेटला परत येतात. आमचं असं चाललंय.

लायसन्सवाली सर्व्हिस मी सर्व्हिसेसच्या पानावर जाऊन 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल'वर केली. सॉफ्टवेअर उघडलं की ते स्वतःच तिला उठवतं, बाकी दिवसभर ती झोपून असते. डोंगलवालीला मात्र ऑटोमॅटिकवरच ठेवलंय, तिच्याशी पंगा नाही. आणि ते सहावं, नावावरून काहीच न कळणारं, त्याची टिक काढून आता चौदा महिने झाले. अजून कुणीच तक्रार केलेली नाही.